ह्युएन त्संगच्या अंगणात

शाळेत इतिहास शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाला ह्युएन त्संगची, म्हणजे सातव्या शतकात भारतात आलेल्या त्या चिनी भिक्षूची, दोन वाक्यं माहीत असतात. महाराष्ट्रातले लोक मानी आहेत. उपकार करणाऱ्याला ते विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. महाराष्ट्र दिनाच्या भाषणांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ही वाक्यं इतकी फिरली आहेत की त्यांच्या आगेमागे काय आहे हे कुणी सहसा बघत नाही. मी ती आगचीमागची वाक्यं ऐकली ती शिआनला, ज्या मंदिरात ह्युएन त्संग राहिला, जिथे त्यानं काम केलं, त्याच मंदिराच्या अंगणात बसून. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

शिआन हे आजचं नाव. त्या काळी हे छांगआन होतं, थांग घराण्याची राजधानी. भक्कम तटबंदी, आखीव रस्ते, रस्त्यांमधल्या चौकोनी पेठा, आणि पश्चिमेकडून वाळवंट तुडवत येणाऱ्या व्यापाऱ्यांचा शेवटचा मुक्काम. आता तिथे मेट्रो आहे, मोठाली विद्यापीठं आहेत. माझी लेक त्यांतल्याच एका विद्यापीठात शिकते, म्हणून माझं जाणं झालं. शिआनला गेलेला माणूस आधी चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेलं मातीचं सैन्य बघायला धावतो. तेही जरूर बघावं, पण त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला ओढ होती ती दा त्सअन मंदिराची आणि त्याच्या आवारातल्या दायान मनोऱ्याची. भारतातून नेलेले ग्रंथ सांभाळण्यासाठी बांधलेली इमारत चौदाशे वर्षांच्या आसपास उभी आहे, ती बघायची, तिला हात लावायचा, एवढीच इच्छा होती.

मेट्रोच्या स्टेशनालाच मनोऱ्याचं नाव आहे. मंदिराच्या दक्षिणेला मोठा चौक आहे आणि त्यात ह्युएन त्संगचा भव्य पुतळा. अंगावर चीवर, हातात भिक्षूचा दंड, पाय पुढे निघालेला. भोवती थांग काळचा पेहराव भाड्यानं घेऊन आलेल्या मुली फोटो काढून घेत होत्या. पायघोळ झगे, केसांच्या उंच अंबाड्यात फुलं, कपाळावर लाल नक्षी. त्या पोरी किती मनापासून नटल्या होत्या! एखादी झग्याचा घोळ सावरत पुतळ्यापाशी यायची, मान वर करून त्याच्याकडे बघायची, मग कॅमेऱ्याकडे वळायची. आपल्या शहराच्या भरभराटीचा काळ लोकांना असा अंगावर घालून मिरवावासा वाटतो, ही गोष्ट मला फार आवडली.

तिकीट काढून आत गेलं की चौकातला गलका मागे राहतो. समोरासमोर घंटाघर आणि नगारखाना, मध्ये फरसबंदी, पुढे मुख्य सभागृह. उदबत्त्या आत लावायच्या नाहीत. अंगणात मोठी धातूची धूपदाणी आहे, तिथेच लावायच्या. एक म्हाताऱ्या बाई तिथे उभ्या होत्या. माझ्या आईच्या वयाच्या असतील. त्यांनी तीन उदबत्त्या पेटवल्या, ज्योत हातानं वारा घालून विझवली, दोन्ही हातांत आडव्या धरून कपाळाला लावल्या आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मग वळून दुसऱ्या दिशेला, तिसऱ्या, चौथ्या. चारही दिशांना नमस्कार करून झाल्यावर त्यांनी एकेक उदबत्ती राखेत खोवली. तिन्ही सरळ, सारख्या अंतरावर. एक जरा कलली तर बोटानं नीट केली. आत गेल्या, बुद्धमूर्तीपुढच्या गादीवर गुडघे टेकले, तळवे वर करून डोकं जमिनीला लावलं. मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं. आमच्याकडे वैशाख पौर्णिमेला शेजारच्या वस्तीतल्या विहारातून हे शब्द लाउडस्पीकरवर लहानपणापासून कानावर आलेले आहेत. ते इथे म्हणताना परक्या देशात उभी आहे असं वाटेना.

हे मंदिर एका मुलानं आईसाठी बांधलं. सम्राट ताइझोंगची पट्टराणी ६३६ मध्ये वारली, तेव्हा तिचा मुलगा आठेक वर्षांचा होता. हाच पुढे युवराज झाला आणि त्यानंतर सम्राट गाओझोंग. युवराज असताना, ६४८ मध्ये, विशीतल्या या मुलानं आईच्या स्मरणार्थ हे मंदिर उभारलं. त्या वेळचं वर्णन वाचलं की आजचं आवार म्हणजे मूळ मंदिराचा जेमतेम एक कोपरा आहे हे लक्षात येतं. दहाहून अधिक अंगणं आणि एकूण १,८९७ खोल्या, अशी नोंद ह्युएन त्संगच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. अर्धी पेठ मंदिरानं व्यापली होती. ग्रंथांच्या भाषांतरासाठी वेगळी इमारत बांधली आणि मंदिराचा प्रमुख म्हणून ह्युएन त्संगला बोलावलं.

तोपर्यंत तो छांगआनमधला सर्वांत मोठा माणूस झाला होता. ६२९ च्या सुमाराला तो निघाला तेव्हा सरहद्द ओलांडायला बंदी होती आणि तो हुकूम मोडून, रात्रीचा प्रवास करत पळाला होता. हातातल्या धर्मग्रंथांची भाषांतरं एकमेकांशी जुळत नाहीत, मूळ ग्रंथ बघितल्याशिवाय खरं काय ते कळणार नाही, एवढ्यासाठी. नालंदेला वृद्ध आचार्य शीलभद्रांच्या पायाशी बसून तो शिकला, भारतभर हिंडला, आणि ६४५ मध्ये वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ, बुद्धाच्या मूर्ती आणि अस्थिधातू लादून परत आला. स्वागताला एवढी गर्दी लोटली की वाट मिळेना. ज्या सम्राटाचा हुकूम मोडून तो गेला, त्यानंच त्याला मंत्रिपद देऊ केलं. त्यानं ते नाकारलं आणि भाषांतराला बसायला जागा मागितली.

मनोऱ्याची कल्पना त्याचीच. ग्रंथ विखुरतील, आगीत जातील, ही भीती त्याच्या मनात होती. ६५२ मध्ये त्यानं सम्राटाकडे अर्ज केला की तीनशे फुटी दगडी मनोरा बांधावा. सम्राटानं कळवलं, दगडाचं काम मोठं आहे, लवकर व्हायचं नाही, विटांचा बांधा. आणि राजवाड्यांतल्या मरण पावलेल्या स्त्रियांचे कपडे, चीजवस्तू यांतून खर्चाची सोय लावून दिली. ही नोंद वाचल्यापासून त्या स्त्रिया माझ्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. सात महालांत राहिलेल्या, बहुतेकींची नावंही कुठे लिहिलेली नसतील. त्यांच्या रेशमी वस्त्रांचं मोल होऊन त्या विटा आल्या. बांधकामावर पन्नाशीचा ह्युएन त्संग स्वतः टोपल्या उचलत होता, विटा वाहत होता, असं चरित्रकार सांगतात. 

तो पहिला मनोरा पाच मजली होता, आत ठासलेली माती आणि बाहेरून विटा. मातीचा गाभा टिकला नाही, भेगांतून झाडं उगवली. ७०१ ते ७०४ च्या दरम्यान सम्राज्ञी वू झत्यान हिच्या काळात तो पुन्हा बांधला गेला. १५५६ च्या भयंकर भूकंपात शान्शी प्रांत जमीनदोस्त झाला, मनोऱ्यालाही तडाखा बसला. मिंग काळात त्याला विटांचं नवं आवरण मिळालं. आज तो सात मजली आहे, ६४ मीटर उंच. गेल्या शतकात शहरानं जमिनीतलं पाणी इतकं उपसलं की तो मीटरभर कलला होता. उपशाला आळा घातल्यावर हळूहळू सावरतो आहे. मध्येच थांबून नीट बघितलं तर हा कल दिसतोही.

त्याच्या नावात रानहंस आहे, आणि तो हंस आपल्याकडचा आहे. मगधातले भिक्षू उपाशी होते, आकाशातून हंसांचा थवा जात होता, कुणी म्हणालं, आज बोधिसत्त्वांनी आमची सोय बघावी. तोच एक हंस निष्प्राण होऊन खाली पडला. भिक्षूंनी तो खाल्ला नाही. त्याला पुरून वर स्तूप बांधला. ही गोष्ट ह्युएन त्संगनं आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे.

मनोऱ्यावर चढायला वेगळं तिकीट आहे आणि सगळे आधी जिन्याकडेच धावतात. मी मात्र पायथ्याशीच अडकले. दक्षिण दरवाजाच्या दोन्ही अंगांना कोनाड्यांत दोन काळ्या शिळा आहेत. एकीवर सम्राट ताइझोंगनं भाषांतरित ग्रंथांसाठी लिहिलेली प्रस्तावना, दुसरीवर गाओझोंगनं युवराज असताना लिहिलेला लेख. बाप एकीकडे, मुलगा दुसरीकडे. ६५३ मध्ये छू स्वेलियांग या नामवंत मंत्र्याच्या हस्ताक्षरावरून त्या कोरल्या. मला चिनी वाचता येत नाही, पण अक्षर कळायला भाषा लागतेच असं नाही. सडपातळ, ताठ, पण कुठेही ताठरलेल्या नाहीत अशा रेघा. रेघ सुरू होते तिथे जरा दाब, मध्ये इतकी बारीक की आता तुटेल, आणि टोकाशी पुन्हा भरलेली. दगडावर छिन्नीनं उठवलेली असूनही कुंचला कुठे रेंगाळला, कुठे झटकन उचलला, ते दिसतं. एका शिळेवरचा मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, दुसरीवरचा डावीकडून उजवीकडे. दोन्ही शिळा दाराच्या दोन बाजूंना शोभाव्यात म्हणून. खालच्या पट्टीत नाचणारे, वाद्य वाजवणारे गंधर्व आहेत. त्यांच्या अंगावरचे शेले वाऱ्यावर असे उडतात की मला वेरूळच्या विद्याधरांची आठवण झाली.

पश्चिमेच्या दारावरची दगडी पट्टी तर जरूर बघावी. लोक तिच्याखालून सरळ निघून जातात. तिच्यावर केसासारख्या बारीक रेघांनी एक लाकडी बुद्धमंदिर कोरलं आहे. खांब, तुळयांखालचे आधार, कौलांच्या ओळी, पायऱ्या, सगळं. थांग काळातल्या लाकडी इमारती चीनमध्ये अगदी मोजक्या उरल्या आहेत; त्या कशा असत हे समजून घेताना वास्तुइतिहासकार ल्यांग सचंग यांना या पट्टीचा मोठा आधार मिळाला. मनोराही तसाच बांधला आहे: प्रत्येक मजल्यावर विटांतूनच लाकडी खांबांचा भास उठवलेला. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत छताला दगडाच्या फासळ्या आहेत, ज्यांचा छताला काडीचाही आधार नाही. लाकडी छतांची सवय झालेल्या हातांनी त्या दगडातून काढल्या. नाहीसं होणाऱ्या लाकडाचं रूप टिकणाऱ्या वस्तूत उतरवून ठेवायचं, हे दोन्हीकडच्या कारागिरांना सुचलं.

वर चढले. लाकडी जिना चौकोनी भिंतीला धरून वर जातो, प्रत्येक मजल्यावर चार दिशांना चार कमानी. दक्षिणेला झाडीतून सरळ जाणारा रुंद रस्ता, बाकी सगळीकडे काँक्रीट. थांग काळात सर्वांत अवघड राज्यपरीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण इथे येऊन मनोऱ्यावर नाव लिहीत. कवी बाय जूयी याला अभिमान होता की आपल्या तुकडीतल्या सतरा जणांत आपण वयानं सर्वांत लहान.

खाली उतरून मनोऱ्यामागच्या बाकावर आम्ही बसलो. लेक म्हणाली, “आई, महाराष्ट्राचं वाचायचं का आता?” तिच्या फोनवर ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाचा अकरावा खंड होता, जुन्या चिनीतला मजकूर आणि खाली आधुनिक चिनीत टिपा. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगायला लागली. हे वर्णन त्यानं परत आल्यावर लगेच, सम्राटाच्या आज्ञेवरून, ६४६ मध्ये पुरं केलं. सम्राटाला पश्चिमेकडच्या राज्यांची माहिती हवी होती. म्हणून प्रत्येक देशाचा घेर, राजधानी, जमीन, हवा, माणसं, राजा, असा क्रम आहे.

जमीन सुपीक, हवा उष्ण, लोक साधे आणि प्रामाणिक, अंगानं उंच, स्वभावानं मानी. मग ती आपली दोन वाक्यं आली. मी म्हणाले, “हे माहितीये.” ती म्हणाली, “अगं, पुढे ऐक ना.”

पुढे असं आहे: संकटात सापडलेला कुणी मदत मागायला आला तर हे लोक स्वतःचा विचार सोडून त्याच्यासाठी धावतात. सूड घ्यायचाच तर शत्रूला आधी कळवतात, मग दोघंही शस्त्रं घेऊन समोरासमोर येतात. पळणाऱ्याचा पाठलाग करतात, पण शरण आलेल्याला मारत नाहीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, त्याला बायकांचे कपडे देतात, आणि तो लाजेनं जीव देतो. राज्यानं पोसलेले शेकडो लढवय्ये आहेत, ते लढाईआधी मद्य पितात; त्यांनी वाटेत कुणाला मारलं तरी त्यांना शिक्षा नाही. हत्तींनाही मद्य पाजून सोडतात. राजा क्षत्रिय आहे, नाव पुलकेशी. उत्तरेच्या शीलादित्यानं, म्हणजे हर्षवर्धनानं, पूर्व-पश्चिम जिंकली, पण हा देश काही त्याला नमला नाही. हर्षानं पुढे ह्युएन त्संगचा केवढा मोठा सन्मान केला होता! तरी त्यानं यजमानाचा पराभव झाकला नाही. ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखात पुलकेशीचा कवी रविकीर्ती हेच सांगतो, पण तो पदरी असलेला कवी. ह्युएन त्संगला असं सांगण्याचं काही कारण नव्हतं. म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

आणि मग: हे लोक विद्येचे प्रेमी आहेत. शंभरावर संघाराम, म्हणजे भिक्षूंचे मठ, पाच हजारांवर भिक्षू, महायान आणि हीनयान दोन्ही पंथांचा अभ्यास. देवांची देवळंही शंभरेक. राजधानीच्या आत-बाहेर अशोकाचे पाच स्तूप.

इथे मी लेकीला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. आपण यातलं काय उचललं? मान, सूड, न नमणं. ते खरंच आहे आणि त्याचा अभिमानही खरा आहे. पण त्याच कागदावर, त्याच माणसानं, त्याच शाईनं विद्येचं प्रेम लिहिलं आहे, परक्यासाठी स्वतःला विसरणं लिहिलं आहे, शरणागताला न मारणं लिहिलं आहे. हे आपण पाठ केलं नाही. मुलांच्या पुस्तकात लढाऊ वाक्यं आली आणि पाच हजार भिक्षू गळून गेले. हे मला मनापासून लागलं. जो माणूस एका ग्रंथाच्या शुद्ध प्रतीसाठी वाळवंट ओलांडून आला, त्यानं आपल्याला ‘विद्येचे प्रेमी’ म्हटलं आहे. याहून मोठं प्रशस्तिपत्र महाराष्ट्राला कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

महाराष्ट्राच्या वर्णनाचा मोठा भाग तर त्यानं एका डोंगरातल्या विहाराला दिला आहे. देशाच्या पूर्व सीमेला उंच डोंगररांग, अंधारी दरी, कड्यात खोदलेली दालनं, दाराबाहेर दोन बाजूंना दोन दगडी हत्ती. हे अजिंठा, असं अभ्यासक मानतात. आकडे काही जुळत नाहीत. तो सांगतो ती सत्तर फुटांवर उंच बुद्धमूर्ती अजिंठ्यात नाही, आणि तो स्वतः तिथवर गेला की त्यानं ऐकून लिहिलं याबद्दल मतभेद आहेत. पण वाघुरेच्या पात्राकडून सोळा नंबरच्या लेण्याकडे चढणाऱ्या वाटेवर, दाराच्या दोन बाजूंना ते दोन हत्ती गुडघे टेकून आजही बसलेले आहेत. लोक म्हणतात, हे हत्ती कधी कधी गर्जना करतात आणि जमीन हादरते, असं तो लिहितो. मोठे तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग या विहारात राहत, हेही सांगतो.

आणि विहार कुणी बांधला याची गोष्ट सांगतो. आचार नावाचा एक अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेला भिक्षू होता, पश्चिम भारतातला. त्याची आई वारली. ती पुन्हा कुठे जन्मली हे त्यानं ध्यानात बघितलं, तर ती याच देशात मुलगी होऊन जन्मली होती. तो इथे आला, भिक्षा मागत तिच्या गावी, तिच्या दाराशी पोचला. मुलगी भिक्षा घालायला बाहेर आली आणि तिला पान्हा फुटला. घरचे घाबरले, त्यांना हा अपशकुन वाटला. अर्हतानं त्यांना आधीच्या जन्माचं नातं सांगितलं. ते ऐकून त्या मुलीला ज्ञान झालं. जन्म देणाऱ्या आईचं ऋण फेडावं म्हणून अर्हतानं तो विहार बांधला.

लेक वाचता वाचता गप्प झाली. समोर एका मुलानं आईसाठी बांधलेलं मंदिर, आणि आमच्या हातात एका मुलानं आईसाठी बांधलेल्या विहाराची गोष्ट. ह्युएन त्संगनं ही गोष्ट लिहिली त्यानंतर दोनच वर्षांनी तो युवराजाच्या मंदिरात राहायला आला. यांतल्या एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायला पुरावा नाही आणि मी तो जोडत नाही. पण वीस घोड्यांचा पसारा आणून रिकामा झालेला हा माणूस जेव्हा आईच्या नावाच्या मंदिरात आपली पोथी उलगडून बसला असेल, तेव्हा त्याला सह्याद्रीतली ती दरी एकदा तरी आठवली असेल, असं मला वाटत राहतं.

अजिंठ्यातले लेख मात्र पुरावा देतात. सव्वीस नंबरच्या लेण्यातला पाचव्या शतकातला शिलालेख ‘कृतज्ञ’ स्थविर अचल या भिक्षूचं नाव घेतो, ज्यानं बुद्धासाठी डोंगरात घर खोदवलं. ह्युएन त्संगचा आचार हाच, असं मानतात. तेच लेणं खोदवणाऱ्या बुद्धभद्रानं ते आपला मित्र भव्विराज आणि आई-वडील यांच्यासाठी अर्पण केलं आहे. आणि ज्याच्या दारात ते हत्ती बसले आहेत, ते सोळा नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं खोदवलं. आयुष्य, तारुण्य, धन, सुख सगळं क्षणिक आहे हे ओळखून, आई-वडिलांसाठी, असं त्याच्या लेखात कोरलेलं आहे. ह्युएन त्संग येण्याच्या आधी दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही अक्षरं. लेख वाचणारे कमी झाले असतील, नावं अर्धवट उरली असतील, पण त्या डोंगरात कुणीतरी आईचं ऋण फेडलं एवढं लोकांच्या तोंडी राहिलं, आणि या वाटसरूनं ते ऐकून घेतलं.

संध्याकाळ होत आली तरी आम्ही उठलो नव्हतो. मनोऱ्याच्या मागे ह्युएन त्संगच्या स्मरणार्थ अलीकडे बांधलेली दालनं आहेत, भिंतींवर त्याच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले. वाळवंट, नालंदा, हर्षाची सभा. ती भव्य आहेत. मला मात्र चरित्रातला एक साधा तपशील जास्त भावतो. या मंदिरात तो रोजचं काम रोज ठरवून घ्यायचा. दिवसा अडचण आली तर रात्री बसून पुरं करायचा. रात्रीच्या पाच प्रहरांतल्या तिसऱ्याला जरा डोळा लावायचा, पाचव्याला उठायचा आणि संस्कृत पोथी मोठ्यानं वाचून दुसऱ्या दिवशी करायच्या भागावर लाल शाईनं खुणा करायचा. त्याच्या हाताखाली अर्थ तपासणारे, भाषा घडवणारे, नकला करणारे असे वेगवेगळे लोक होते. एकूण ७५ ग्रंथ, १,३३५ खंड. ६६४ मध्ये तो गेला. त्याच्या अस्थी नंतर शहराच्या दक्षिणेला शिंगज्याओ मंदिरात नेल्या. तिथे त्याचा लहानसा मनोरा आहे, पुढच्या खेपेला तिथे जायचं आहे.

आणि चरित्रातली ती पत्रं. मनोऱ्याचं काम चालू होतं त्याच ६५२ मध्ये बोधगयेच्या महाबोधी विहारातून फाछांग नावाचा भिक्षू छांगआनला आला. त्याच्यापाशी ज्ञानप्रभ आणि प्रज्ञादेव या दोन भिक्षूंची ह्युएन त्संगला लिहिलेली पत्रं होती आणि पांढऱ्या सुती कापडाची एक जोडी. प्रज्ञादेवानं लिहिलं होतं, आम्ही विसरलेलो नाही हे कळावं म्हणून हे पाठवतो, वाट लांबची आहे, थोडकं आहे म्हणून रागावू नका. काही ग्रंथ हवे असतील तर नावं लिहून पाठवा, नकला करून देऊ. हा प्रज्ञादेव हर्षानं कनौजला भरवलेल्या सभेत ह्युएन त्संगच्या विरुद्ध वाद करणारा, दुसऱ्या पंथाचा पंडित. त्या सभेत शब्दानं शब्द वाढला होता. ह्युएन त्संगनं उत्तरात लिहिलं की सभा उठली तेव्हाच ते मनातून गेलं होतं. आचार्य शीलभद्र गेल्याची बातमी कळल्यावर झालेलं दुःख लिहिलं. ‘योगाचारभूमी’ हा ग्रंथ धरून लहानमोठ्या तीसेक ग्रंथांचं भाषांतर झाल्याचं कळवलं. परतताना सिंधू नदी ओलांडताना एका घोड्याच्या ओझ्याएवढ्या पोथ्या पाण्यात गेल्या होत्या. त्यांची यादी खाली जोडली आहे, कुणी येणारं असेल तर त्याच्यासोबत पाठवाव्यात, अशी विनंती केली. सोबत एक छोटी भेट, आणि प्रज्ञादेवासारखंच: वाट लांबची आहे, जास्त पाठवता आलं नाही. ६५४ च्या वसंतात फाछांग ही उत्तरं आणि ती यादी घेऊन महाबोधीच्या वाटेला लागला.